नमुना

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तीस वर्षांपूर्वी याच सभागृहात आपल्याला उद्देशून एक शब्द फार वेळा वापरला गेला. ‘काय एकेक नमुने भरलेत या वर्गात!’ हे ज्यांचं पेटंट वाक्य होतं ते सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही. सर, तुम्ही हसताय, म्हणजे आठवतंय. तर आज मी नमुन्याबद्दलच बोलणार आहे.

संयोजकांनी मला तीन अटी घातल्यात. मे महिन्यात आपण शाळेतल्या मुलांबरोबर जो विनोदी सिनेमा केला त्याची हकिकत सांग, वीस मिनिटांत आटप, आणि जेवणाच्या आधी कुणाला रडवू नकोस. तिन्ही पाळायचा प्रयत्न करते. मात्र शेवटी मी कमानीच्या विषयावर बोलणार आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे कमानवाले मित्र मध्येच उठून चहाला जाणार नाहीत.

बाजारात आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो. मिठाईवाला पेढ्याचा तुकडा देतो. ‘खाऊन बघा ताई, मग घ्या.’ संगणकावरच्या खेळांच्या दुनियेत या फोडीला डेमो म्हणतात. संपूर्ण खेळाचा सुरुवातीचा एक तुकडा फुकट खेळायला देतात. आवडला तर घ्या, नाही तर राम राम. ‘स्टीम’ नावाचं खेळांचं मोठं ऑनलाइन दुकान आहे. तिथे वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, यायच्या खेळांच्या डेमोंची जत्राच भरते. आमच्या घरी त्या आठवड्यात स्वयंपाक साधा असतो. मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक रात्री जेवण आटोपून डेमो खेळत बसतो. मी सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. दिवसभर लोकांचे प्रस्ताव वाचायचे आणि रात्री राक्षसांशी लढायचं, हे दोन्ही मला सारखंच आवडतं.

या डेमोंमध्ये आमचा जीव रमतो तो ‘रोल-प्लेइंग गेम’मध्ये, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळांत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. ‘समोर दार आहे, दारावर पहारेकरी आहे, काय करणार?’ तुम्ही म्हणता, ‘त्याच्याशी गोड बोलून बघतो.’ जमलं की नाही ते फासा ठरवतो. ज्यांनी कोकणातला दशावतार पाहिलाय त्यांना यात फार नवल वाटणार नाही. तिथेही कथानक ठरलेलं असतं आणि संवाद नट जागेवर बोलतात.

या खेळाची गंमत पात्र घडवण्यात आहे. तुम्हाला ठरावीक गुण मिळतात, ते ताकद, बुद्धी, चपळाई, बोलण्यातली मोहिनी अशा खान्यांत वाटायचे. सगळे गुण ताकदीत घातले तर दार फोडता येतं, पण पहारेकऱ्याला पटवता येत नाही. सगळं सगळ्यांना मिळत नाही. पुढे संगणकावर जे असे खेळ आले त्यांनी हेच तत्त्व उचललं.

आता डेमोकडे वळते. १९९६-९७ मध्ये ‘डायब्लो’ नावाचा खेळ आला. त्याच्या फुकट नमुन्यात फक्त योद्धा मिळायचा. तिरंदाज बाई आणि जादूगार दिसायचे, पण कुलूपबंद. भुयाराचे पहिले दोनच मजले उघडे. वाटतं की यात काय मजा? पण मजा होती, कारण त्या दोन मजल्यांत खेळ पुरा होता. अंधार, आवाज, भीती, सापडलेली तलवार, सगळं. चांगल्या नमुन्याची पहिली खूण हीच. तो लहान असतो, पण अर्धवट नसतो. आंब्याची फोड म्हणजे काही कच्चा आंबा नव्हे.

दुसरं उदाहरण ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’चं. हा जपानी खेळ. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा डेमो आला. आठ नायकांपैकी दोघांच्याच गोष्टी त्यात होत्या. डेमो खेळलेल्यांना प्रश्नावली पाठवली गेली, काय आवडलं, काय खटकलं. उत्तरं वाचून खेळ बदलला. उदाहरणार्थ, एका गावाहून दुसऱ्या गावी झटपट पोचायची सोय केली. २०१८ च्या जुलैत पूर्ण खेळ आला, त्याच्या जरा आधी दुसरा डेमो आला. त्यात तीन तास खेळायला मिळायचे आणि जे केलं ते पूर्ण खेळात पुढे चालू ठेवता यायचं. ही नमुन्याची दुसरी खूण. तो फक्त दाखवत नाही, ऐकतोही. आणि त्यात केलेलं काम वाया जात नाही.

तिसरं उदाहरण माझं सगळ्यात लाडकं. टोबी फॉक्स नावाच्या अमेरिकन तरुणाने २०१३ मध्ये ‘अंडरटेल’ या खेळाचा डेमो फुकट वाटला. साधी चित्रं, आपल्या लहानपणच्या व्हिडिओ गेमसारखी. पण विनोद असा की मी आणि लेक रात्री अकराला हसून हसून शेजाऱ्यांना उठवलं. त्यात राक्षसाला मारलंच पाहिजे असं नाही. त्याच्याशी बोलता येतं, त्याला सोडून देता येतं. समोर आलेल्या बेडकाची स्तुती केली तर त्याला काही कळत नाही, पण तो खूश होतो. आमच्या बँकेत असे ग्राहक आहेत. फॉक्सने डेमो दाखवून लोकांकडे पाच हजार डॉलर मागितले. लोकांनी एक्कावन्न हजारांहून जास्त दिले. २०१५ मध्ये तो खेळ आला आणि जगभर गाजला. लोकांनी पैसे दिले ते आश्वासनावर नव्हे, फोड चाखून.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला त्याचं काय, असं कुणाच्या मनात आलं असेल तर आता आपल्याच जिल्ह्यात येऊ या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या एका माणसाने हेच शंभर वर्षांपूर्वी केलं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायचा होता, पैसे नव्हते. या देशात तोवर कुणी पूर्ण लांबीची कथा पडद्यावर आणलेली नव्हती, मग सावकाराने विश्वास कशावर ठेवायचा? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर मांडला. रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिनाभराहून अधिक काळ जे घडलं ते मिनिटभरात पडद्यावर दिसलं. बी रुजलं, कोंब आला, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’. हा नमुना बघून पैसे देणारे पुढे आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मी कर्ज विभागातली आहे, म्हणून मला त्या वाटाण्याचं फार अप्रूप वाटतं. फाळक्यांनी हरिश्चंद्राचा एखादा प्रसंग कसाबसा उरकून दाखवला नाही. जवळ होतं त्यात जे पूर्ण करता येईल तेच केलं. कुंडी, माती, वाटाणा आणि चिकाटी. आणि हो, घरात सरस्वतीबाई होत्या. फिल्मला भोकं पाडण्यापासून अख्ख्या चमूच्या जेवणापर्यंत सगळं त्यांनी बघितलं. पुढे फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ नावाची एक छोटी विनोदी फिल्मही दाखवली. म्हणजे आपल्याकडे छोट्या विनोदी सिनेमाची परंपरा पहिल्या दिवसांपासूनची आहे.

याच जिल्ह्यातलं दुसरं गाव मालेगाव. यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. नट कोण, तर गावातलेच लोक. घोडे नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. कॅमेरा उंच न्यायला क्रेन नव्हती, तर बैलगाडीची केली. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला, त्यात यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण सुपरमॅन झाला. ते सगळं फैजा अहमद खान यांनी माहितीपटात टिपून ठेवलंय, आणि त्याच लोकांवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरात आला. आपल्यातले चौघं तो एकत्र बघायला गेलो. बाहेर पडल्यावर आमच्यातला एकजण, तोच जो नववीत प्रयोगवहीत फिल्मी गाणी लिहायचा, म्हणाला, ‘आपलं गाव मालेगावपासून तासाभरावर. मग आपण का नाही?’ त्याच आठवड्यात आमच्या घरी डेमोंची जत्रा चालू होती. मी म्हटलं, करू या, पण मुलांबरोबर करू, आणि आधी नमुना करू.

मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बावीस मुलं-मुली आली, आठवी संपवून नववीत जाणारी. पहिल्या सकाळी त्यांनी विचारलं, ‘कॅमेरा कुठंय?’ आम्ही त्यांच्या हातात कागद, पेन्सिल आणि सापशिडीचा फासा दिला.

नियम आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सवरूनच बेतले, पण सोपे करून. प्रत्येकाने एक पात्र घडवायचं. त्याला चार खाने: ताकद, डोकं, बोलबच्चन आणि नशीब. एकूण गुण वीस, प्रत्येक खान्यात निदान एक. गोष्टीत काही करायचं असेल तर कुठल्या बळावर करणार ते सांगायचं, फासा टाकायचा आणि पडलेलं दान त्या खान्यातल्या गुणांत मिळवायचं. बेरीज दहाच्या वर गेली तर जमलं, नाही तर फजिती.

गोष्ट आम्ही एवढीच दिली. उद्या शाळेची तपासणी आहे आणि शाळेची घंटा गायब झाली आहे. शोधा.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. भंगारवाला म्हणाला, घंटा देतो, पण मला तराजू आणून द्या. तराजूवाली म्हणाली, देते, पण माझी शेळी सापडली पाहिजे. शेळी सापडली ती सरपंचांच्या ओसरीवर, आणि सरपंच म्हणाले, माझ्या भाषणाला टाळ्या वाजवणारी पन्नास माणसं आणा. आजीच्या साखळीच्या गोष्टींत हेच असायचं, हे दे म्हणजे ते देतो. परदेशी खेळातले नायकही गावोगाव हेच करत हिंडतात. मुलांना कुणी शिकवावं लागलं नाही. तीन सकाळी ती नुसती फासे टाकत बसली आणि आमच्यातली एक मैत्रीण कोपऱ्यात बसून सगळं लिहून घेत होती. तीच आमची पटकथा.

त्या बावीस जणांत एक मुलगा होता. वर्गात कधी बोलत नाही, असं त्याच्या वर्गशिक्षकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वडील कांदा मार्केटमध्ये हमाली करतात. त्याने शाळेच्या शिपायाचं पात्र घेतलं आणि वीसपैकी सतरा गुण नशिबात घातले. ताकद एक, डोकं एक, बोलबच्चन एक. बाकीची पोरं हसली. मी विचारलं, ‘असं का रे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, बाकीचं माझ्याकडं असून कुणी विचारत नाही.’ एवढंच बोलला.

आता गणित बघा. एकात फाशाचे सहा मिळवले तरी सात. म्हणजे हा शिपाई जोर लावून दार उघडू शकत नाही, डोकं चालवून काही शोधू शकत नाही, बोलून कुणाला पटवू शकत नाही. पण नशिबाच्या बाबतीत तो हरूच शकत नाही! म्हणून तो दाराला खांदा लावतो, दार हलत नाही, तो थकून खाली बसतो आणि दार आपोआप पडतं. तो सरपंचांसमोर तोंड उघडतो, शब्द फुटत नाही, आणि सरपंचांना वाटतं की हा आपल्यासाठी मौन पाळतोय. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळून चुकलं होतं की सिनेमाचा नायक कोण.

चौथ्या दिवशी नमुना केला. एकच प्रसंग, दोन मिनिटांचा, मोबाइलवर चित्रित केलेला. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या भिंतीवर दाखवला. बघायला शिपाई मामा, दोन शिक्षिका, काही आया आणि शेजारचा किराणा दुकानदार. मग घरी डेमो संपल्यावर मी आणि लेक एकमेकींना जे तीन प्रश्न विचारतो तेच मुलांनी त्यांना विचारले. मजा कुठे आली? कंटाळा कुठे आला? पुढे काय होईल असं वाटतं? मुलांनी जिथे मोठा विनोद पेरला होता तिथे कुणी हसलं नव्हतं. हसले होते ते शिपायाच्या गप्प बसण्याला. दुकानदार म्हणाला, ‘तो पोरगा काही करत नाही तेव्हा जास्त मजा येते.’ खऱ्या शिपाई मामांनी सांगितलं की घंटा अशी वाजवतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी येऊन मनगटाचा झटका शिकवून गेले. मुलांनी अर्धे संवाद कापले. आपण लिहिलेलं स्वतःच्या हाताने कापायला मोठ्यांनाही जड जातं. त्यांनी कापलं, कारण समोर नमुना होता आणि दोनच मिनिटांचा होता. वीस मिनिटांचं केलं असतं तर कुणाचाच हात धजला नसता.

आता तुमच्यातल्या अनेकांना माहीत असलेल्या जीपची गोष्ट. तपासणीसाठी साहेब येतात तो प्रसंग. जीप हवी होती. भाडं विचारलं, ते आपल्या आवाक्यात नव्हतं. मी मुलांना ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या १९७५ च्या इंग्रजी सिनेमाबद्दल सांगितलं. त्यांच्याकडेही घोड्यांना पैसे नव्हते. म्हणून राजा आर्थर नुसताच उड्या मारत येतो आणि मागचा सेवक नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतो. झालं. दुसऱ्या दिवशी साहेब झालेली मुलगी हातात स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरून पळत आली, मागे दोघं तोंडाने इंजिनाचा आवाज काढत, एकजण पिठाची चाळण हलवून धूळ उडवत. गेटपाशी मास्तर तिला हात दाखवतात आणि म्हणतात, ‘साहेब, गाडी जरा सावलीत लावा.’ ऑगस्टमध्ये आपण सिनेमा इथे दाखवला तेव्हा सगळ्यात मोठा हशा याला पडला. खरी जीप आली असती तर नुसती जीप आली असती.

‘घंटा गेली कुणीकडे’ हे नाव ऐकून दोन-तीन सर दचकले होते, ते नाव मुलांनीच ठेवलं आणि मुख्याध्यापिका बाईंनी हसत मान्य केलं. लांबी अठरा मिनिटं, चित्रण नऊ सकाळी, सहा ते दहा, कारण नंतर मे महिन्याचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही.

हिशेब वाचून दाखवते, सवय आहे. चौसष्ट जणांनी प्रत्येकी पाचशे दिले, जमा ३२,००० रुपये. खर्च असा: खाणंपिणं १२,४००, दोन बिनतारी माइक ७,६००, हार्ड डिस्क ५,२००, कपडे आणि सामान ३,१००, प्रवास २,२००. एकूण ३०,५००. शिल्लक १,५००. संकलन फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर झालं.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात घ्या. खाणं आणि माइक यांत निम्म्याहून जास्त पैसे गेले आणि ते योग्यच होतं. मी इथे काटकसरीच्या आरत्या ओवाळायला उभी नाही. मालेगावच्या मंडळींना क्रेन मिळाली असती तर त्यांनी बैलगाडीला नमस्कार करून सोडून दिलं असतं. चित्र थोडं अंधूक असलं तर लोक चालवून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात. उपाशी पोराला विनोद सुचत नाही. नसलेल्या जीपमधून विनोद निघतो, नसलेल्या नाश्त्यातून निघत नाही. कमी पैशांचा खरा फायदा वेगळाच आहे. फसलं तरी कुणाचं घर बुडत नाही, म्हणून परत करून बघता येतं.

आपल्या मुलांना हे ‘परत करून बघणं’ कुठे मिळतं? विचार करा. शाखा निवडायची ती एकदाच. प्रवेश परीक्षा द्यायची तीही अशी की जणू पुढचं सगळं आयुष्य त्या तीन तासांत आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुलं सुट्टीत शिबिरांना जातात, कॅमेरा हाताळतात, खेळ बनवून बघतात, सोडून देतात, दुसरं काही धरतात. त्यांना आयुष्याचे डेमो मिळतात. कांदा मार्केटमधल्या हमालाच्या मुलाला थेट पूर्ण खेळच विकत घ्यावा लागतो, न चाखता, कर्ज काढून. ते कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येतात, म्हणून मला माहीत आहे. वडील विचारतात, ‘ताई, पोराला हे जमेल ना?’ मी काय सांगणार? त्याने ते कधी करूनच पाहिलेलं नसतं.

तो मुलगा आता कसा आहे, असं मला बरेच जण विचारतात. सिनेमासारखं काही झालेलं नाही. वर्गात अजूनही कमीच बोलतो. गुणपत्रिका तशीच आहे. पण ऑगस्टच्या त्या संध्याकाळी दोनशे माणसं त्याच्या गप्प बसण्यावर हसत होती तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते. तो पडद्याकडे बघत नव्हता, लोकांकडे बघत होता. कुठे हसतात ते मोजत होता. जाताना मला म्हणाला, ‘मॅडम, परत कधी?’

आता कमान. आपल्या तुकडीने शाळेला प्रवेशद्वार बांधून द्यायचं, त्यावर ‘१९९५’ कोरायचं, असा प्रस्ताव आहे आणि निधीही बराच जमला आहे. कमानीला माझा विरोध नाही. कमान टिकते, फोटोत चांगली दिसते, आणि वाहनांना आत येताना अडचण होते, तेवढं सोडलं तर तिच्यात काही वाईट नाही. पण आपल्यापैकी कोण या शाळेत कमानीमुळे आलं होतं?

प्रयोगशाळेशेजारी एक खोली आहे. मोडक्या बाकांनी भरलेली. ती आपण रिकामी करून रंगवून देऊ. तिथे तीन वापरलेले पण चालू लॅपटॉप, आपले दोन माइक, ती हार्ड डिस्क, एक प्रोजेक्टर, फासे, कागद आणि कात्र्या ठेवू. ‘ट्वाइन’ नावाचं फुकट साधन आहे, त्यात पर्याय निवडत पुढे जाणारी गोष्ट बनवता येते, मराठीतसुद्धा, तेही एक अक्षर प्रोग्रामिंग न येता. आठवीची मुलगी आठवड्यात स्वतःचा छोटा भूमिकेचा खेळ करू शकते. दर शनिवारी आपल्यापैकी दोघांनी यायचं. खोलीचे नियम मी तीनच सुचवते, आणि ते तुम्ही आत्ताच ऐकलेत. जे कराल ते लहान करा, पण पुरं करा. झालं की लोकांना दाखवा आणि त्यांचं ऐका. आवडलं नाही तर सोडून द्या, कुणी रागावणार नाही.

मला ठाऊक आहे, तुमच्यातले काही म्हणतील की ही कल्पना चालेल कशावरून. अगदी बरोबर. कर्ज विभागातल्या बाईने दुसऱ्यांना नमुना मागायचा आणि स्वतः द्यायचा नाही, हे बरं दिसणार नाही. म्हणून आज संपूर्ण निधी मागत नाही. खोली फक्त एका सत्रासाठी द्या, जानेवारी ते एप्रिल. सुरुवातीला ते शिल्लक १,५०० रुपये आहेत, रंगाच्या एका डब्याचे पैसे निघतात. मे महिन्यात तुम्ही सगळे या. मुलांनी काय केलं ते बघा, तेच तीन प्रश्न विचारा आणि मग ठरवा. कमान तोपर्यंत कुठे पळून जात नाही.

चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. शनिवारी यायला जमेल त्यांनी नाव आणि जमणारी तारीख लिहायची. पैशांचा रकाना तिच्यात नाही. पहिलं नाव आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी मघाशीच लिहिलंय, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि पुढे कंसात लिहिलंय, ‘फासा मी टाकणार.’